शंभर वर्षं कप्प्यात पडलेलं नाव: महोगनी ग्लायडर

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड म्युझियमचे चार्ल्स डी व्हिस यांनी १८८३ मध्ये कार्डवेल गावाच्या परिसरातल्या एका निशाचर प्राण्याला ‘ग्रॅसिलिस’, म्हणजे सडपातळ, असं नाव दिलं. हाच आजचा महोगनी ग्लायडर, झाडांवरून तरंगत जाणारा. पुढे तज्ज्ञांनी तो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या साध्या स्क्विरल ग्लायडरचाच प्रकार ठरवला आणि त्याच्या कातड्या म्युझियमच्या कप्प्यात पडून राहिल्या. १९८० च्या दशकात त्याच म्युझियमचे स्टीव्ह व्हॅन डाइक यांनी त्या पुन्हा मापल्या. आकार जुळेना. मग शोध सुरू झाला आणि १९८९ मध्ये टली गावाजवळ तो जिवंत सापडला. जात वेगळीच होती.

पण मधल्या शंभर वर्षांत त्याचं घर गेलं होतं. टाउन्सव्हिलच्या उत्तरेपासून टलीपर्यंतची जेमतेम १२० किमी लांबीची सखल किनारपट्टी, एवढंच त्याचं जग. ऊस, केळी, पाइनची लागवड आणि गुरांची कुरणं यांनाही नेमकी हीच जमीन हवी होती. जो प्राणी कागदावर वेगळा नाहीच, त्याच्यासाठी जंगल राखा म्हणणार तरी कोण?

आपल्या सह्याद्रीतल्या उडत्या खारीशी त्याचं नातं नाही. ती कृंतक, म्हणजे उंदरासारखी कुरतडणारी, हा कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणलेल्या कातडीच्या पडद्यावर तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो, सहज ३० मीटर. वजन अर्ध्या किलोच्या आत. नीलगिरीच्या फुलांतला मकरंद, पराग, झाडांचा रस, किडे हा आहार. दिवसा झोप जुन्या झाडाच्या ढोलीत. वर्षाला पिल्लं एक-दोनच.

त्याला दाट रान नको, मोकळं हवं, ही गोष्ट उशिरा लक्षात आली. वणवे पूर्ण रोखले की खालची झुडपं माजतात, वर्षावन आत शिरतं आणि तरंगायला वाट उरत नाही. नुसतं कुंपण घालून ‘राखीव’ म्हटल्यानं भागत नाही, अधूनमधून बेताची आग लावावी लागते. तिथले मूळ रहिवासी हेच करत आले होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये ‘यासी’ चक्रीवादळ नेमकं याच पट्ट्यावर आदळलं. झाडं फुलांसकट ओरबाडली गेली, ढोल्या मोडल्या. मग माणसांनी झाडांवर खाद्य टांगलं, लाकडी पेट्या बसवल्या. महामार्गालगत उंच खांब उभे आहेत, तरंगताना टेकायला. आणि शेतकऱ्यांना विनवणी एकच: कुंपणाची निदान वरची तार काटेरी नको, पडदा त्यातच अडकतो.