‘अल्पसंख्याक ताण’ आणि ‘जोगता’: दोन शब्दांची पार्श्वभूमी

‘अल्पसंख्याक ताण’ ही संज्ञा कोल्हापुरात पहिल्यांदा ऐकणाऱ्याची हमखास फसगत होते. ‘अल्पसंख्याक’ म्हटले की १९९२च्या केंद्रीय कायद्याखाली अधिसूचित झालेले धर्मसमूह डोळ्यांसमोर येतात, आणि २०१४मध्ये त्या यादीत जैनांचा समावेश झाल्यापासून या जिल्ह्यात शाळा-कॉलेजच्या प्रवेशअर्जावरचा तो रकाना अनेक घरांत ओळखीचा झाला आहे. ‘ताण’चा ‘तणाव’ झाला, तर जून २०२३मध्ये शहरातल्या धार्मिक तणावात लागलेला पोलीस बंदोबस्तच आठवतो. संज्ञेचा रोख मात्र वेगळीकडे आहे. रोजची धकाधकी सगळ्यांनाच असते. त्यावर, केवळ समलैंगिक, उभयलैंगिक किंवा पारलिंगी (जन्मवेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळे लिंगभान असलेली व्यक्ती) असल्यामुळे जो जादा भार सोसावा लागतो आणि ज्यातून नैराश्य, चिंताविकार, व्यसन किंवा आत्महत्येचे विचार उद्भवतात, त्या भाराचे हे नाव. दुखण्याचे मूळ माणसात नसून भोवताली आहे, असे ही मांडणी सांगते. आपल्याकडे ‘बाहेरचं लागलंय’ म्हणताना भुताखेतावर संशय असतो. इथे ‘बाहेरचे’ म्हणजे शेजार, वर्ग, कचेरी आणि कायदा.

ही कल्पना अमेरिकेत १९८१मध्ये समलैंगिक स्त्रियांच्या संदर्भात मांडली गेली, १९९५मध्ये समलैंगिक पुरुषांबाबत तपासली गेली आणि २००३मध्ये तिला आजचे रूप आले. मारहाण, टोमणे, नाकारलेली नोकरी किंवा खोली हे उघड घाव. समोरचा झिडकारेल या धास्तीने सतत सावध राहणे, स्वतःला लपवणे आणि ऐकत आलेली हेटाळणी शेवटी स्वतःलाच खरी वाटू लागणे हे आत मुरलेले. पुढे पारलिंगी व्यक्तींसाठी त्यात आणखी एका घावाची भर पडली: आपण जे आहोत ते समोरच्याने मानायलाच नकार देणे.

हा शेवटचा घाव कसा असतो, ते एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी पाहायला मिळाले. आतून आधारकार्डावरचे पुरुषाचे नाव मोठ्याने पुकारले गेले. रांगेत हिरव्या बांगड्या भरलेली, नऊवारी नेसलेली एक व्यक्ती उभी होती. तिने पहिली हाक ऐकली नाही असे दाखवले, दुसऱ्या हाकेला पदर सारखा केला आणि तिसऱ्या हाकेला अख्खी रांग वळून पाहू लागताच, केसपेपर न घेताच ती बाहेर पडली. मागचा माणूस एक पाऊल पुढे सरकला.

मनोविकारशास्त्राने स्वतःची चूक सावकाश दुरुस्त केली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९७३मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ती १९९०मध्ये वगळली गेली. तरीही त्या वर्गीकरणात स्वतःचा लैंगिक कल स्वतःलाच खुपत असेल तर त्याला विकार म्हणण्याची एक फट शिल्लक राहिली, आणि ‘बरा करून द्या’ म्हणणाऱ्या आईवडिलांना व तसे आश्वासन देणाऱ्यांना ती पुढे अनेक वर्षे पुरली. कल का खुपतो, हे विचारायची गरजच त्या फटीने ठेवली नव्हती. २०२२पासून लागू झालेल्या नव्या आवृत्तीत ती उरली नाही, आणि पारलिंगी असणेही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले गेले.

कायद्याचा प्रवास वाचकांना ठाऊकच आहे: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी १८६०ची दंडसंहिता, ते गुन्ह्यातून वगळणारा २००९चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो फिरणे आणि ६ सप्टेंबर २०१८ला त्याच न्यायालयाने केलेली सुटका. आरोग्याच्या बाजूने पाहता यातले २०१३ हे वर्ष सर्वांत कमी चर्चिले गेले. चार वर्षे गुन्हेगार नसलेली माणसे एका सकाळी पुन्हा गुन्हेगार ठरली. कायद्यातल्या बदलाने माणसे आजारी पडतात याचा पुरावा तोवर उपलब्ध होता; अमेरिकेत ज्या राज्यांनी २००४-०५मध्ये समलिंगी विवाहाला बंदी घातली, तिथल्या समलैंगिक व उभयलैंगिक रहिवाशांत मनःस्थितीचे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढल्याचे २०१०मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि २०२२मध्ये कल ‘बदलण्याचे’ उपचार हे वैद्यकीय गैरवर्तन ठरले.

कोल्हापूरच्या बाबतीत खरा गुंता ‘जोगता’ या शब्दाचा आहे. जोगता म्हणजे रेणुका-यल्लम्मा देवीच्या सेवेला वाहिलेला पुरुष. केसांत जट आली, अंगावरचा त्वचारोग हटेना, किंवा मुलगा बायकी वाटू लागला, की तो देवीचा कौल समजून त्याच्या गळ्यात मण्यांची माळ घातली जाते. मग डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली), हातात परडी आणि मंगळवारी-शुक्रवारी पाच घरचा जोगवा. मार्गशीर्षात कोल्हापुरातून एसटी भरभरून यल्लम्माच्या सौंदत्तीला (कर्नाटक) जाणारे भाविक आणि त्यानंतर ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात होणारी आंबील यात्रा इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कोल्हापूर संस्थानात १९२०मध्ये जोगतिणी-देवदासींविषयी कायदा झाला; नंतरचे कायदेही मुख्यतः स्त्रियांना नजरेसमोर ठेवून झाले आणि जोगता त्यांच्या कडेला राहिला.

तो मध्यभागी आला २०१९मध्ये. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्यात व्याख्या करताना हिजडा, किन्नर आणि अरवानी यांच्या रांगेत ‘जोगता’ हा आपल्या मुलखातला शब्द थेट घातला गेला. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने हा भेद नेमका टिपला होता: जोगत्यांत भिन्नलैंगिक पुरुषही असतात, ते देवीच्या सेवेत स्त्रीवेष घेतात किंवा घेतही नाहीत, आणि हिजडा समाजातल्या देवीभक्तांसाठी ‘जोगती हिजडा’ असा निराळा शब्द आहे. पाच वर्षांत कायदा करणाऱ्यांनी हे बारकावे गाळले. ही गफलत किरकोळ मानता येत नाही. बायकामुलांत नांदणारा, चौंडकं वाजवणारा जोगता व्याख्येने पारलिंगी ठरतो. उलट, जिला माळेने घराबाहेर पडायची वाट दिली आणि गुरूच्या घरी प्रथमच स्वतःसारखी माणसे भेटली, तिचे लिंगभान आणि तिची भक्ती एकाच शब्दात कोंबली जातात. ताणाचा अभ्यास सांगतो की आपल्यासारख्यांची सोबत हा मोठा आधार असतो, आणि जोगत्यांच्या जमावात तो आहे. पण शुक्रवारी पाया पडणारी गल्ली शनिवारी टाळी वाजवून नक्कल करते, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी पडलेल्या माळेला मुलाची संमती होती, असे म्हणणे अवघड आहे. घराने मुलाला स्वीकारले की देवीच्या नावाने वाटेला लावले, यावर खुद्द जोगत्यांतही एकमत नाही.

२०२०च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून, वैद्यकीय तपासणीशिवाय ओळखप्रमाणपत्र मिळण्याची सोय केली होती, आणि त्याआधारे इतर कागदांवरचे नाव बदलता येऊ लागले होते. खिडकीतून पुकारले जाणारे नावही त्यामुळे बदलू शकत होते. त्या अर्जात विचारले जाई ते लिंग. माळ कोणत्या वयात आणि कुणाच्या सांगण्यावरून गळ्यात पडली, यासाठी त्यात रकाना नव्हता.