निंबोळी, सीताफळाच्या बिया आणि डासांच्या अळ्या

पाऊस सुरू झाला की पुण्यात डेंग्यूची चर्चा सुरू होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर "पाण्यात कडुनिंबाचा पाला टाका, डास होणार नाहीत" असे फॉरवर्ड फिरायला लागतात. कडुनिंबात दम आहे हे खरंच, पण नुसता पाला टाकला की तो कुजतो आणि कुजलेल्या पाल्यावर वाढणारे जंतू हेच तर अळ्यांचं खाणं!

कूलरमधलं शिळं पाणी टॉर्च लावून नीट बघा. एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, अळी डोकं खाली करून लटकलेली दिसते, शेपटीकडची बारीक नळी पाण्याबाहेर टेकवून ती श्वास घेते, हाताची सावली पडली की वळवळत तळाला पळते. ती 4 वेळा कात टाकते, चौथ्यांदा टाकली की कोष, आणि मग डास. अंड्यापासून डासापर्यंत साधारण 8-10 दिवस.

निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य नेमकं या कात टाकण्याच्या हार्मोनमध्ये गडबड करतं. म्हणून आज अर्क टाकला आणि उद्या अळ्या वळवळताना दिसल्या तर लगेच "काही उपयोग नाही" म्हणू नका, कारण बऱ्याच अळ्या पुढची कात टाकताना अर्धवट अडकून मरतात. शेतातल्या किडींचंही तसंच, शिवाय त्या खाणंच सोडतात. 1959 साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळं हिरवं फस्त केलं पण कडुनिंबाची झाडं सोडली, हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने बघितलं आणि पुढे निंबोळीवर जोरात संशोधन झालं.

सीताफळाच्या बिया त्याहून जहाल. सासवड-पुरंदरची सीताफळं आपण आवडीने खातो आणि बिया कचऱ्यात टाकतो, पण त्यातली अॅसिटोजेनिन्स नावाची द्रव्यं किड्याच्या पेशीतली ऊर्जा तयार होण्याची क्रियाच बंद पाडतात. मात्र ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते आणि माशांनाही ती विषारी आहे, त्यामुळे "नॅचरल आहे, चालतंय" म्हणत मिक्सरला लावू नका, गप्पी मासे सोडलेल्या हौदात तर अजिबात टाकू नका.

लॅबमध्ये स्वच्छ पाण्यात 24 तासात किती अळ्या मेल्या ते मोजतात, बाहेर गणित बदलतं. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं आणि प्रत्येक झाडाच्या निंबोळीत ते सारखं नसतं. गच्चीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी मात्र 5 टक्के निंबोळी अर्क मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: 50 ग्रॅम निंबोळी पावडर 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळून थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी फवारायचं, दर आठवड्याला परत. पिण्याच्या टाकीत हे काहीही टाकायचं नाही.

आणि एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर चिकटलेली असतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अर्क तिथे पोचतच नाही, त्यामुळे पाणी ओतून दिल्यावर ती कड घासणीने खसाखसा घासावीच लागते.