सावली वाचणारं रडार

सप्टेंबर १९२२. वॉशिंग्टनच्या ॲनाकॉस्टियात अमेरिकी नौदलाचे अल्बर्ट होयट टेलर आणि लिओ यंग ६० मेगाहर्ट्‌झचा ट्रान्समीटर तपासत होते. रिसीव्हर पाण्यापलीकडे हेन्स पॉइंटला. मधून 'डॉर्चेस्टर' ही लाकडी आगबोट गेली. रिसीव्हरमधला आवाज आधी चढला, मग एकदम पडला, आणि बोट पुढे सरकल्यावर पूर्ववत झाला. दोन विनाशिकांमध्ये असा अदृश्य पहारा बसवावा, असं दोघांनी वर कळवलं. वरून काहीच हाललं नाही.

ट्रान्समीटर एकीकडे, रिसीव्हर समोर आणि लक्ष्य मधोमध, हीच फॉरवर्ड स्कॅटर रडारची मांडणी. फ्रान्सने तीस सालानंतर विमानांसाठी अशीच 'कुंपणं' उभारली, सोव्हिएत लष्करानं १९३९ मध्ये आरयूएस-१ हे याच पद्धतीचं रडार स्वीकारलं. पण कुंपण फक्त सांगतं, 'कोणीतरी गेलं'. किती अंतरावरून, ते नाही. एकाच जागेवरून लाटांचे तुटक ठोके सोडून अंतर मोजणारं पल्स रडार आलं आणि ही पद्धत मागे पडली. पुढे आर्क्टिकमधल्या ड्यू लाइनवर, म्हणजे हल्ल्याचा आगाऊ इशारा देणाऱ्या रडारांच्या साखळीवर, 'फ्लटार' म्हणून ती परतली, पण फार टिकली नाही.

ती पुन्हा अभ्यासली जाऊ लागली त्याला एक मोठं कारण स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारी, विमानं. समोरून येणाऱ्या लाटेत लक्ष्याची सावली पडते. लाटांच्या शास्त्रातल्या बॅबिनेच्या तत्त्वानुसार ही सावली म्हणजे त्याच आकाराच्या भोकातून पसरलेल्या लाटेसारखीच. पृष्ठभागाला कसला लेप आहे, याला किंमत नाही. १० चौ.मी. छायाकृती, १ मीटर तरंगलांबी: रडार छेद, म्हणजे रडारला लक्ष्य किती मोठं भासतं त्याचं माप, सुमारे १,२५० चौ.मी. भरतो! मात्र हा फायदा अगदी अरुंद कोनातच मिळतो, आणि तरंगलांबी लहान केली की तो कोन आणखी आवळतो.

सावलीवरून लक्ष्याची प्रतिमा काढण्याचा विचार इथूनच सुचला. लक्ष्य रेषा ओलांडतं तेव्हा रिसीव्हरला मिळणारा चढउतार म्हणजे सावलीच्या कडांचीच नोंद. वेग आणि ओलांडण्याचा कोन काढून गतीमुळे येणारा फेजचा (लाटेच्या टप्प्याचा) भाग वजा केला, की उलट गणितानं बाह्यरेषा मिळते: प्रत्येक ठिकाणी छायाकृतीची उंची आणि तिची मध्यरेषा. चापुर्स्की आणि सब्लिन यांनी २००० मध्ये याला 'सावलीचं इन्व्हर्स सिंथेटिक ॲपर्चर' म्हणून मांडलं; म्हणजे लक्ष्याच्याच हालचालीतून मोठ्या अँटेनाचं काम साधणं. बर्मिंगहॅम विद्यापीठात चेर्न्याकोव्ह यांच्या गटानं जमिनीवरची वाहनं अशा सह्यांवरून, म्हणजे प्रत्येकाच्या खास चढउतारावरून, ओळखण्यावर बरंच काम केलं. वेगाचा अंदाज चुकला तर मात्र आकृती लांबते किंवा दबते, त्यामुळे यातली खरी मेहनत गतीचा हिशेब नेमका लावण्यात जाते.