नाला खोलीकरण की काठ सावरणे? ओढ्यावर यंत्र उतरवण्याआधी

गावात पोकलेन आला की ओढ्याचे ‘पुनरुज्जीवन’ सुरू झाले, असे सगळेच म्हणतात. त्या एका नावाखाली दोन वेगळी कामे चालतात. नाला खोलीकरणात तळातला गाळ उपसून पाणी साठायला आणि मुरायला जागा करतात. काठ सावरताना तळ तसाच ठेवून ढासळणारी दरड उतरती करतात आणि दगड-झाडोऱ्याने धरून ठेवतात. पहिल्याचा फायदा विहिरीत दिसतो, दुसऱ्याचा वाचलेल्या बांधात आणि ओढ्यातल्या जिवांत.

नाशिक जिल्ह्यात जागा बघितली तरी निम्मा निर्णय होतो. सिन्नर-येवल्याकडे पाऊस कमी, नाल्यांना उतार बेताचा, गाळ साचलेला. तिथे खोलीकरणाला अर्थ आहे. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस कैक पट, उतार तीव्र, तळाला गोटे आणि काळा खडक. तिथे तळ खोदणे म्हणजे बहुतेक वेळा नासधूसच. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले आणि खोलीकरण गावोगाव पोचले. हा फरक मात्र सगळीकडे पोचला नाही.

खात्रीसाठी पहार पुरते. ओढा कोरडा असताना दर ५० फुटांवर ती तळात ठोकून बघा. दोन-तीन फूट सहज गेली तर खाली गाळ आहे, तेवढाच काढावा. वीतभरातच गोट्यावर खणकन वाजली तर तो ओढ्याचा मूळ तळ, त्याला हात लावू नये. मग खालच्या बाजूला चालत जा. तळात अचानक फूट-दोन फुटांची पायरी पडलेली दिसली आणि दोन्ही काठांवर झाडांची मुळे उघडी लोंबत असतील, तर ओढा आधीच खोल चालला आहे. ही पायरी दर पुरात वरच्या अंगाला सरकते. सरकत जाते तसा काठाचा पाया सुटतो आणि वरचा मळा तुटून पडतो. अशा ओढ्यात खोलीकरण केले तर यंत्राने आणखी एक पायरी तयार होते.

काठ सावरायचा तर आधी ही पायरी थोपवावी लागते. उपाय दगडी उताराचा. पुरात हलणार नाहीत असे दीड-दोन फुटी दगड निवडावेत. वरच्या अंगाला १:४ आणि खालच्या अंगाला १:२० असा उतार ठेवावा, म्हणजे दोन फुटांच्या पायरीसाठी खाली ४० फूट लांबी. हा लांबट उतार खर्चिक वाटतो, पण मासे त्यावरून वर चढू शकतात. मधला भाग कडांपेक्षा बुटका हवा, नाहीतर धार काठ कापते.

मग काठ. उभी दरड एक फूट उंचीला दोन फूट आडवी, इतकी उतरती करा. पायथ्याला तळाच्या दोन फूट खालपर्यंत चर घेऊन मोठे दगड बसवा. बहुतेक कामे इथेच फसतात: वर झाडे उत्तम लावलेली, खाली पायथा मोकळा, आणि पहिल्याच पुरात सगळे वाहून जाते. उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी घ्या, दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर, एका ओळीपासून दुसरी उभ्या मापाने मीटरभर वर. ठोंबाचे पाते वीतभर ठेवून वरचे छाटा. पाण्यालगत वाळुंज आणि निर्गुडीचे अंगठ्याएवढे जाड, तीन फुटी दांडके दोन-तृतीयांश जमिनीत ठोका, डोळे वरच्या दिशेला. त्यामागे करंज, जांभूळ, उंबर. काठापासून १५ फूट नांगर थांबवा आणि दोन वर्षे गुरे अडवा. गुरांसाठी एकच फरसबंद पाणवठा सोडला तर कुंपण टिकते; न सोडल्यास ते कोणीतरी मोडतेच.

काँक्रीटची किंवा गॅबियनची (तारेच्या जाळीत दगड भरलेली) सरळ भिंत हे काठ सावरण्याचे सोपे रूप समजले जाते. रस्त्याचा पूल वाचवायला ती ठीक. सगळ्या ओढ्याला घातली तर पाणी वेग घेते आणि भिंत संपते तिथला शेतकरी भरडला जातो.

माशांच्या बाजूने हिशेब आणखी सरळ आहे. काश्मीर-हिमाचलच्या ओढ्यांतला ट्राउट गोट्यांच्या फटींत अंडी घालतो. त्या फटींतून ताजे पाणी खेळायला हवे. काठ ढासळून बारीक माती बसली की अंडी गुदमरतात. नाशकाच्या उन्हाळी पाण्यात ट्राउट जगणार नाही. पण आपल्या महाशीरलाही विणीसाठी गोट्यांचा तळ आणि उन्हाळा काढायला सावलीचा डोह लागतो. सपाट, एकसारखा खोदलेला चर दोन्ही देत नाही. म्हणून खोलीकरण करायचेच असेल तर सलग करू नये. खळाळ, म्हणजे गोट्यांवरून पाणी खळखळते ते उथळ भाग, तसेच सोडावेत, मधल्या डोहांतला फक्त गाळ काढावा.

उपसलेली माती काठावर रचण्याची सवयही मोडायला हवी. तिच्या वजनाने ओला काठ खचतो आणि उरलेली माती पहिल्या पावसात परत खाली येते. पोयटा शेतात पसरा. ओढ्याचे पात्र सरकारी असल्याने ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसील कार्यालयाची परवानगी आधी घ्या, विशेषतः मुरूम किंवा वाळू बाहेर जाणार असेल तेव्हा.

दगड आणि माती यांचे काम मेअखेर संपवा. वाळा आणि दांडके मृगाच्या पहिल्या दमदार सरींनंतर लगेच लावा. आषाढात लावलेले ठोंब मुळे धरण्याआधीच पुरात सापडतात. पडलेल्या जागा ऑक्टोबरात, माती ओली असतानाच, भरून घ्या.