पोर्क चॉपचा रस ‘कोंडला’ जात नाही

नाशिकमध्ये पोर्क चॉप करायला शिकवणारं कुणीही आधी हेच सांगतं: ‘मोठ्या आचेवर दोन्ही बाजू लाल करा, रस आत कोंडला जातो.’ ही समजूत चुकीची आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४०च्या दशकात ती मांडली आणि तेव्हापासून ती चालत आली. तवा चुरचुरतो ना, तो आवाजच बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो! रस कोंडला असता तर तव्याला चिकटणारी ती तपकिरी खरवड आली कुठून? आणि सगळी ग्रेव्ही तर तिच्यावरच उभी आहे.

लाल करायचंच, पण चवीसाठी. मऊपणा येतो तो मीठ तासभर आधी चोळल्याने आणि वेळेवर उतरवल्याने. सर्वांत जाड भागात ६३ अंश सेल्सिअस झालं की उतरवा, ३ मिनिटं झाकून ठेवा. कच्चं मात्र अजिबात नको, फीतकृमीचा धोका खरा आहे.

मग त्याच तव्यात कांदा, काळा मसाला आणि आपल्या द्राक्षांचा रस घालून खरवड सोडवा. गूळ सगळ्यात शेवटी. आधी घातला तर करपून कडू होतो.