गाळापासून वीज: आकडा नेमका कशाच्या चौरस मीटरचा?

जिवाणू आणि यीस्ट अन्न पचवताना वीज देतात, हे १९११ मध्येच इंग्लंडमधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवले होते. जिवाणूंकडून अशी वीज घेणाऱ्या बॅटरीसारख्या पात्राला सूक्ष्मजीव इंधन घट किंवा नुसते 'घट' म्हणतात. १९८० च्या दशकात लंडनमध्ये जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन वाहून नेणारे मध्यस्थ म्हणून रंगद्रव्ये घालून घट चालवले गेले. पण ही द्रव्ये महाग, काही तर विषारीही. सांडपाण्यात रोज ओतणे शक्यच नव्हते. १९९९ च्या सुमारास दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी मध्यस्थाशिवाय थेट इलेक्ट्रोडला (वीज वाहणाऱ्या पट्टीला) इलेक्ट्रॉन देणाऱ्या जिवाणूंवर घट चालवला, तेव्हा कुठे सांडपाण्याचा मार्ग मोकळा झाला.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने घरगुती सांडपाण्यावर घट चालवला. सेंद्रिय प्रदूषण ८० टक्क्यांपर्यंत उतरले, वीज मिळाली जास्तीत जास्त २६ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. साधा लाल एलईडी पूर्ण तेजाने पेटायला ४० मिलिवॅट लागतात.

खरा गुंता सुरू झाला तो यानंतर. चौरस मीटर कशाचा? अ‍ॅनोडचा (जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेणारा इलेक्ट्रोड), कॅथोडचा (समोरचा दुसरा इलेक्ट्रोड) की मधल्या पडद्याचा? कार्बन तंतूंचे ब्रश अ‍ॅनोड म्हणून आले आणि तंतूंचे क्षेत्रफळ इतके वाढले की अनेकांनी भागाकार कॅथोडने करायला सुरुवात केली. पुढे 'प्रति घनमीटर' आले. त्यातही काहींनी फक्त द्रव मोजला, काहींनी अख्खी टाकी. काही मिलिलिटरच्या कुपीतली वीज घनमीटरला गुणून सांगितली की आकडा शेकडो वॅटवर जातो. मोठ्या टाकीत तो टिकत नाही. एकाच घटाचे असे अनेक आकडे निघतात आणि सगळेच बरोबर असतात! माझ्या मते सांडपाणी प्रक्रिया केंद्राला एकच हिशेब उपयोगाचा: काढलेल्या प्रदूषणामागे, पंप आणि हीटरचा खर्च वजा जाता हातात किती युनिट उरले?

गाळाच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच बोचतो. सांडपाणी शुद्ध करताना केंद्रात उरणारा जादा गाळ म्हणजे मुख्यतः जिवाणूंच्याच पेशी. त्यांच्या भिंती फुटल्याशिवाय आतले अन्न बाहेर येत नाही, म्हणून गाळाला आधी उष्णता, अल्कली किंवा अल्ट्रासाऊंड द्यावे लागते. ही ऊर्जा हिशेबात धरली नाही, तर फायदा फक्त कागदावर दिसतो.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये बिअर कारखान्याच्या सांडपाण्यावर सुमारे एक घनमीटरचा संच उभा राहिला: ३ मीटर उंचीच्या १२ नळ्या. पाण्याची विद्युतवाहकता कमी पडली, कॅथोडवर जिवाणूंचा थर चढला आणि प्रवाह अपेक्षेपेक्षा खूपच कमी राहिला. शिवाय घट एकामागोमाग जोडले की त्यातल्या कमकुवत घटाची ध्रुवता उलटते, म्हणजे बाकीच्यांनी दिलेली वीज तोच खाऊ लागतो. त्यामुळे गाळ थेट घटात घालण्याऐवजी आधी बायोगॅस काढून घ्यायचा आणि मागे उरलेल्या पाण्यावर घट चालवायचा, हा पर्यायही पुढे आला.