गाठ मारली तिथंच जळते

डिसेंबरात अधिवेशन आलं की नागपूरची थंडी बोचायला लागते, आणि आमच्या महाल भागातल्या घरी माळ्यावरची कॉइलची शेगडी खाली उतरते. आईला पाय शेकायला तीच लागते, गॅसवर तिचा भरवसा नाही. परवा त्या शेगडीवर दूध उतू गेलं आणि कॉइल टक्कन तुटली. मी शहाणपणा केला. जळकी टोकं कापली, दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून गाठ मारली, स्प्रिंग थोडी ताणून खाचेत बसवली. चार दिवस चालली. पाचव्या दिवशी गाठीला लागूनच पुन्हा तुटली.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी ती हातात घेतली आणि हसले. ‘‘काऊन गाठ मारून राहिले जी? गाठ मारली तिथंच जळते ते.’’

का जळते, हे काकांनी सांगितलं नाही. त्याचं गणित मी घरी येऊन मांडलं.

शेगडी १००० वॅटची. २३० व्होल्टवर तिच्यातून साधारण ४.३५ अँपिअर प्रवाह जातो, म्हणजे कॉइलचा रोध ५३ ओहम. २६ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) नायक्रोमची तार घेतली तर तिचा रोध मीटरमागे पावणेसात ओहमच्या आसपास असतो, म्हणून जवळजवळ ८ मीटर तार लागते. ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते म्हणून वीतभर प्लेटीत मावते. १००० वॅट ८ मीटरवर पसरले, की एका सेंटिमीटरच्या वाट्याला सव्वा वॅट येतो. तेवढ्यावर तार लालभडक होते आणि वर्षानुवर्षं टिकते.

आता गाठ बघा. तापलेल्या नायक्रोमवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो. हा थर म्हणजे तारेचं चिलखत. तो हवेला आत शिरू देत नाही, म्हणूनच ही तार ११००-१२०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकाव धरते. पण हाच थर विजेला मात्र वाट देत नाही. जुन्या तारांना पीळ घातला की ऑक्साइडवर ऑक्साइड टेकतो आणि धातूला धातू दोन-चार ठिपक्यांपुरताच भिडतो. समजा गाठीत फक्त १ ओहम रोध वाढला. ५३ मध्ये १ म्हणजे काहीच नाही, मल्टिमीटरवर लक्षातही येणार नाही. पण ४.३५ चा वर्ग गुणिले १, म्हणजे १९ वॅट. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत! सोल्डरिंगची छोटी आयर्न २५ वॅटची असते. शेजारच्या सेंटिमीटरला सव्वा वॅट आणि गाठीला १९, मग काका म्हणाले तसंच होणार. गाठ तापते, ऑक्साइड वाढतो, शाबूत धातू कमी होतो, रोध आणखी चढतो, आणि गाठ आणखी तापते.

मी कापलेल्या टोकांचाही हिशोब आहेच. तार एक दशांशाने आखूड झाली की रोध तेवढा घटतो आणि शेगडी ११०० वॅटच्या वर ओढते. ही जास्तीची उष्णता कमी लांबीच्या तारेला सोसावी लागते, म्हणून सेंटिमीटरमागचा भार २३ टक्के वाढतो. ‘‘दुरुस्त केल्यापासून मस्त तापते’’ असं आई म्हणाली होती, ते खोटं नव्हतं.

नायक्रोम म्हणजे ढोबळमानाने ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. अमेरिकेत अल्बर्ट मार्शला १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी या सगळ्यांना खात्रीची तार मिळाली. तिचा रोध तांब्याच्या साठपटीहून जास्त, आणि तापल्यावर तो फारसा बदलत नाही. बल्बच्या टंगस्टनचं उलट असतं. १०० वॅटचा बल्ब थंड असताना मोजला तर ४० ओहमच्या आत भरतो आणि पेटल्यावर पाचशेच्या वर जातो. शेगडीची कॉइल मात्र थंड मोजली तरी चालते, फरक पाच-सात टक्क्यांचा.

हे सगळं भाच्याला सांगत होतो, तर त्याने मोबाइलवर एक परदेशी व्हिडिओ पुढे केला. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, अ‍ॅटमायझरची (द्रवाची वाफ करणाऱ्या भागाची) कॉइल हाताने गुंडाळत होते. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं सगळ्यावर बंदी आहे आणि ती असावीच, असं माझं मत. पण भौतिकशास्त्र तेच. ०.४ मिलिमीटरची कँथल तार (नायक्रोमसारखीच तापवायची तार) ३ मिलिमीटरच्या सळीवर सहा वेढे घेतली की दोन्ही टोकांच्या सरळ पायांसकट ०.८५ ओहमच्या आसपास रोध येतो. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर प्रवाह किती? ४.३५ अँपिअर. आईच्या शेगडीइतकाच!

फरक कापसाचा आहे. वेढ्यांमधून ओवलेला कापूस द्रव वर खेचतो आणि तो द्रव उकळत असेपर्यंत तार २००-३०० अंशांच्या घरात राहते. कापूस कोरडा पडला की तार बेफाम तापते. कापूस करपतो, द्रवातल्या ग्लिसरीनची मोडतोड होऊन अ‍ॅक्रोलिन, फॉर्मल्डिहाइड तयार होतात. एखादा वेढा शेजाऱ्याला अर्धवट चिकटला की तिथे वेगळाच लाल ठिपका दिसतो. तो घालवायला ती मंडळी कोरडी कॉइल हलकेच तापवून सिरॅमिकच्या चिमट्याने दाबतात, मग ती मधून कडेला सारखी उजळते. स्क्रू ढिला असेल तर शेगडीत ०.१ ओहमने एकूण रोध बदलल्याचं कळतही नाही, पण इथे तो एकूण रोधाचा आठवा भाग होतो आणि मीटरचा आकडा नाचतो. आणि कॉइल चुकून ०.१ ओहमची झाली तर? ३७ अँपिअर. बोटाएवढा सेल ते झेपवू शकत नाही, भलताच गरम होतो, कधी फुटतोसुद्धा.

कँथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम. तिला लोहचुंबक चिकटतो, ८०-२० नायक्रोमला चिकटत नाही. कँथल एकदा लाल तापली की आतले स्फटिक मोठे होतात आणि थंड तार ठिसूळ होते, वाकवली की मोडते. काकांकडच्या जुन्या तुकड्यांवर मी फ्रिजचा चुंबक फिरवला तर निम्मे उचलले गेले.

नवी कॉइल काकांनीच बसवली. पहिल्यांदा प्लग काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण न्यूट्रलवर असेल तर कॉइल जिवंतच राहते. मग प्लेटीच्या खाचेत सुतळी फिरवून लांबी घेतली. स्प्रिंग दोन्ही टोकांना धरून सावकाश ओढली, सुतळीपेक्षा चार बोटं कमी. एके ठिकाणी वेढे दाटीने राहिले होते, ते नखाने मोकळे केले. दाटीतले वेढे एकमेकांना तापवतात, तिथली उष्णता बाहेर पडत नाही. शेवटी पितळी स्क्रूखाली टोकं आवळली, प्लग लावला आणि दुकानातली ट्यूबलाइट बंद केली. अंधारात कॉइल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी लाल झाली.

‘‘आता दूध गॅसवर तापवा,’’ काका म्हणाले.